वरचे इकडे, खालचे तिकडे

...आणि वर तोंड करून तो साहेब मला विचारतो, ‘दात कुणाचे?’

दात कुणाचे! अहो, समोर म्हातारा माणूस उभा आहे, तोंडात वरची कवळी, खाली नुसती हिरडी, गाल आत गेलेत, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालीय... आणि हा विचारतो, दात कुणाचे! म्हणजे काय, मी भाड्यानं आणलेत? गल्लीत वर्गणी काढून घेतलेत?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आल्या आल्या अंगावर का येतेय. येणारच! कुणाच्या तरी अंगावर गेल्याशिवाय हल्ली माझं अन्न पचत नाही.

तर तुम्हाला सांगते, आमच्या गावाच्या मधोमध नदी आहे, नदीवर पूल आहे, आणि पुलाच्या अलीकडे आपला देश, पलीकडे त्यांचा देश. हे मला कसं ठाऊक? पाटी लावलीय म्हणून! पाटी काढली तर चिमणीलासुद्धा पत्ता लागायचा नाही. तीच माती, तीच धूळ, नळाला पाणी त्यांच्याकडेही सकाळीच येतं आणि साबण लावून होईस्तोवर त्यांच्याकडेही जातं. माझं शिलाईचं दुकान पुलाच्या तोंडाशीच. नवं शिवणं कमी. उसवायचं, आवळायचं, सैल करायचं, हाच धंदा. दोन्ही नाक्यांवरच्या शिपायांच्या पँटी खालून दुमडायला माझ्याकडेच यायच्या. कापड एकाच गिरणीचं हो! फक्त बटणं वेगळी. आपल्या बटणावर पक्षी, त्यांच्या बटणावर तारा. एकदा माझ्या हातून अदलाबदल झाली, तर आठवडाभर आपला एक शिपाई शत्रूची बटणं लावून देशाचं रक्षण करत होता. कुणाच्या बापाला कळलं नाही!

आणि रेघ म्हणाल तर रेघ मला कळते बरं का. जन्म गेला खडूनं रेघा मारण्यात. रेघ मारायची, कात्री चालवायची... पण कशासाठी? पुढं जोडायचं असतं म्हणून! नुसतं कापत बसले आणि शिवलंच नाही तर गिऱ्हाईक जोड्यानं मारेल मला. हे मात्र कापतात, शिवत काही नाहीत, आणि वर छातीला पदकं लावतात. बरं, कापलंय तरी कुठं? कितीदा गेले त्या पुलावर, खाली वाकून पाहिलं. पाणी इकडून तिकडं जातंय, मासे तिकडून इकडं येतायत. रेघ कुठंय? मला रेघ दाखवा!

असो. तर दात.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे हो, घाऊक बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. आवाज असा, की अलीकडे कोबीचा भाव पुकारला तर पलीकडच्या काठावरचा माणूस तिथूनच बोली वाढवायचा. ‘एक वाऽर... दोन वाऽर...’ म्हटलं की दुधाचं पोर रडायचं थांबायचं. निवृत्त झाले तरी घरात तोच थाट. ‘सूनबाई, शेवटचा बटाटा कुणाला? एक वार!’ हे असं. पण दात गेले हो कामातून. एक हलतोय, दोन ठणकतायत, चौथा कधी पडला ते कळलंच नाही, पावाबरोबर गिळला. मग गेले पलीकडे, डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे मामंजींचा जुना दोस्त, दातांचा डॉक्टर, पुलापलीकडच्या पहिल्याच गल्लीत दवाखाना. दोघांचा दर आठवड्याला बुद्धिबळाचा डाव, आणि डावापेक्षा भांडण जास्त. डॉक्टर म्हणाले, ‘एकेकाची अंत्ययात्रा काढण्यापेक्षा सगळेच काढू, दोन्ही कवळ्या मी स्वतः करून देतो.’ काढले सगळे. मापं घेतली. वरची हिरडी चटकन भरली, म्हणून वरची कवळी आधी दिली. खालची जखम जरा हट्टी, घरातल्या माणसासारखीच. म्हणाले, ‘खालची तयार ठेवतो, जरा सुकू दे, मग बसवू.’

आणि सुकायच्या आत हे बेट निघालं.

बेट म्हणजे काय? अहो, नदीच्या मधोमध वाळूचा एक ढिगारा! दोन झुडपं आणि काही बदकं. नदी फुगली की तेही पाण्याखाली. त्या बदकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, बायांनो तुम्ही कुठल्या म्हणून. आणि एक दिवस तिकडचा कुणी मंत्री म्हणाला, बेट आमचं. लगेच इकडचा म्हणाला, आमचं! तो म्हणाला, आमच्या पूर्वजांचं. हा म्हणाला, आमच्या पूर्वजांच्या पूर्वजांचं! झालं. पूल बंद. काटेरी तारा, वाळूची पोती, भोंगे... आणि आमचे दात? वरचे इकडे, खालचे तिकडे!

म्हण आहे ना आपल्यात, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्याकडे चणे होते, दातही होते, पण मधे दोन सरकारं होती!

आता नुसत्या वरच्या कवळीनं माणूस जेवतो कसा, पाहिलंय कधी? पाहू नका. घास वरून दाबायचा आणि खाली काही नाहीच, म्हणजे हातोडा आहे पण ऐरण नाही. पहिल्या दिवशी कवळीच निसटून सूपमध्ये पडली. आमचे हे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू! मामंजी हसले नाहीत. उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन बसायला लागले. दार लावून! लिलाव बंद. बाजारात जाणं बंद. बोलायला जावं तर शब्दाचा लगदा. ‘सूनबाई’ म्हणायचे ते ‘फूनबाई’ व्हायला लागलं. ज्या माणसाच्या आवाजावर टोमॅटोचे भाव हलायचे, तो माणूस मीठ हवं असलं तर बोटानं दाखवायला लागला. कोट माझ्याकडे दिला आवळायला. एकदा आवळला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा टाचण्या लावताना मला त्यांच्या बरगड्या हाताला लागल्या हो... त्या दिवशी मशीनवर सुई मोडली माझी.

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ‘अगं, खालची कवळी केव्हाच तयार आहे, पाठवू कशी?’ टपाल बंद. मग त्यांनी तिसऱ्याच देशातून पाठवली. आमचे दात जगप्रवासाला गेले! मी आजवर समुद्र पाहिलेला नाही, आणि मामंजींची खालची कवळी विमानानं कुठं कुठं हिंडून आली, आणि शेवटी आपल्याच विमानतळावर कुणा शहाण्यानं शिक्का मारला, ‘शत्रुराष्ट्राचा माल’, आणि आली तशी परत! बत्तीशीतल्या सोळांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

बरं, हे सरकारचं झालं. घरचं ऐका! एका दुपारी मी मामंजींच्या हातात फोन दिला, म्हटलं मित्राशी बोला, बरं वाटेल. दोन मिनिटं बरं चाललं. आणि मग तिकडून डॉक्टर काय म्हणाले असतील नसतील, मामंजींचा चेहरा लाल! ‘बेत आफलं!’ तिकडून फोनमधून मला ऐकू येतंय, ‘बेट आमचं!’ इकडून, ‘आफलं!’ तिकडून, ‘आधी कबूल कर, मग दात देतो!’ आणि मामंजी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, ‘नको मला तुझे दात! देफाफाठी एवढं फोफेन!’

देशासाठी एवढं सोसेन! अहो, तुम्ही सोसा, ठीक आहे, पण पेज कोण शिजवतंय? भोपळा कोण मऊ करतंय? दातओठ खायचे तरी दात लागतात, यांनी नुसतेच ओठ खाल्ले आणि फोन आपटला. हे दोघं, ज्यांनी उभ्या आयुष्यात उंटावरून आणि घोड्यावरून भांडण केलं पण डाव मोडला नाही, ते बदकांच्या बेटावरून तुटले! त्या मंत्र्यांनी पुलावर तारा लावल्या त्या दिसल्या तरी. या म्हाताऱ्यांच्या तोंडात कधी लावल्या? कुणी लावल्या? रेघ कुठंय? मला रेघ दाखवा!

मग मी म्हटलं, बास. मामंजींचा हात धरला आणि नेलं सरळ नाक्यावर. मोठ्या साहेबांसमोर उभं केलं. आणि तिथं तो विचारतो, ‘दात कुणाचे?’

‘यांचे.’

‘मग पलीकडे कसे?’

‘पलीकडे तयार झाले.’

‘म्हणजे परदेशी बनावटीचे.’

म्हटलं, ‘साहेब, जबडा देशी आहे!’

तर म्हणे, ‘बाई, विनोद नको. आरोग्य खात्याचा परवाना लागेल, आयात खात्याचा लागेल, आणि सध्या दोन्ही खाती हा परवाना देत नाहीत.’ मग जरा वाकून मामंजींच्या तोंडात बघितलं. असं... बॅटरी लावून! ‘आणि हे वरचे?’

मी मूर्ख! मी म्हणून गेले, ‘हे आधीच आले होते.’

‘आणताना नोंदवले होते?’

नोंदवले होते! अहो, तोंडात घालून आणले होते! हसत आले होते मामंजी पुलावरून, शिपायाला हात करून! तेव्हा तो शिपाईही हसला होता. दात दाखवणं याहून जास्त काय असतं हो? पण नाही. विनानोंद परदेशी माल! आणि तुम्हाला सांगते, त्या साहेबानं रबरी मोजे घातले, पिशवी धरली, आणि माझ्या सासऱ्यांच्या तोंडातून वरची कवळी काढून घेतली. भर दुपारी, रांगेतल्या माणसांदेखत. पिशवीला चिठ्ठी लावली, ‘मुद्देमाल’. मागायला गेले होते खालचे, गमावून आले वरचे! नाक्यावरून घरापर्यंत मामंजी रुमाल तोंडावर धरून चालत होते, एखाद्यानं चोरी केल्यासारखे.

मी इतकी चिडले, इतकी चिडले... दुकानात येऊन मास्तरांवर फुटले. मास्तर म्हणजे शेजारचे, आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेलं, रोज माझ्या दुकानात बसून फुकट वर्तमानपत्र वाचतात. म्हटलं, ‘मास्तर, हे देशच नकोत! सगळे रद्द करा! पाट्या उचला, नाके मोडा, तारा भंगारात घाला!’

मास्तरांनी चष्मा पुसला. ‘सूनबाई, देश नसतील तर बळी तो कान पिळी. पाणी कोण देईल?’

‘नगरपालिका!’

‘वीज?’

‘वीज कंपनी! आणि तीही देत नाही!’

‘चोर आले तर?’

‘चौकीतला हवालदार, जो याच गल्लीतला आहे आणि ज्याचा सदरा माझ्याकडे पडलाय!’

‘आणि पलीकडून कुणी चाल करून आलं तर?’

म्हटलं, ‘मास्तर, पलीकडून आजवर काय आलं सांगा. डॉक्टर आले, स्वस्त बटणं आली आणि एक बोका आला, तो तुमच्याच घरी राहतोय!’

मास्तरांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाले, ‘तुझं सगळं खोटं नाही. पण माझंही नाही. दुबळ्याला कायदा लागतो, आणि कायद्याला कुंपण लागतं. आमच्या मुलांना मी हेच शिकवलं.’ आता हे अगदीच चुकीचं आहे का? नाही हो. मला तेवढी अक्कल आहे. माझ्या पोराचा पाय मोडला तेव्हा सरकारी दवाखान्यानंच फुकट बसवला, ते मी विसरले नाही. पण मग कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? हे विचारायला मी तोंड उघडलं, तर मास्तर वर्तमानपत्राची घडी घालत होते. घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. म्हणाले, ‘माझी मुलगी पलीकडे दिलीय, ठाऊक आहे ना तुला? नात झाली. पूल बंद झाल्यावर झाली.’ एवढंच म्हणाले, आणि उठून गेले. आता अशा माणसाशी भांडायचं कसं? सगळी मजाच गेली भांडणातली.

आणि मग... मग बाई, साहेब चालून आले! तेच! मोठे! माझ्या दुकानात! पँट कंबरेत सैल करायला. देशाच्या काळजीनं माणसं वाळतात, हे सुटले होते. उभं केलं त्यांना आरशासमोर, कंबरेला टेप लावला. टाचण्या माझ्या हातात, कंबर त्यांची. आता मला काही वाईट विचार करायचे नव्हते, पण ते आपणहून यायला लागले. साहेब मात्र जोरात! बेटावर बोलतायत. ‘तसूभर सोडणार नाही! बेट आपलं होतं, आपलं आहे, आपलंच राहणार!’

आणि माझ्या डोक्यात टिकली फुटली.

म्हटलं, ‘साहेब, नक्की आपलं?’

‘शंका आहे?’

‘छे हो! म्हणजे, आपल्याच देशातलं ठिकाण. जसा बाजार, जशी बाग.’

‘अगदी!’

‘मग बागेत जायला परवाना लागत नाही, तर बेटावर जायला कशाला लागेल?’

साहेबांनी आरशात बघून पोट आत ओढलं. मी आपली टाचणी लावतेय. म्हटलं, ‘उद्या दुपारी मामंजींना घेऊन जाते म्हणते बेटावर. हवापालट. तुमच्या शिपायानं अडवलं तर मात्र मी म्हणेन, अगंबाई, आपलं नाही वाटतं हे! आणि माझं दुकान पुलाच्या तोंडाशी आहे साहेब, माझा आवाजही आमच्या मामंजींवर गेलाय...’

‘हळू बोला बाई!’

‘हलू नका साहेब, टाचणी आहे.’

तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकी सुबक पँट मी कुणाची सैल केली नाही.

संध्याकाळी फोन लावला पलीकडे, डॉक्टरांना नाही, काकूंना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला. त्या म्हणाल्या, ‘आमचे हे पण तसेच गं. जेवताना बेट, झोपताना बेट. रात्री घोरतातसुद्धा आमचं, आमचं असं.’ म्हटलं, ‘काकू, तुमच्या सरकारचं म्हणणं काय, बेट कुणाचं?’ काकू हुशार. अशा हसल्या, अशा हसल्या! म्हणाल्या, ‘उद्या दुपारी आमच्या देशात फिरायला निघते मी यांना घेऊन.’

मामंजी यायला तयार कसे झाले? मी सांगितलं, बेटावर आपला हक्क दाखवायला चला. लगेच कोट घातला! डॉक्टरांनाही काकूंनी हेच सांगितलेलं. निघताना मास्तर घाटावर उभे. हातात पुडकं. लोकरीचं टोपडं होतं, स्वतः विणलेलं, इतकं वाकडं की ते माझ्या दुकानात आलं असतं तर मी उसवलंच असतं. म्हणाले, ‘काकूंकडे दे. नियमात बसत असेल तर.’

बसत असेल तर! त्या माणसाला नातीला टोपडं पाठवतानाही नियम आठवतो. मी पुडकं ओढूनच घेतलं.

नावाड्यानं आम्हाला बेटाला लावलं, पलीकडून त्यांची नावही लागली. आपल्या काठावर साहेब दुर्बीण लावून, त्यांच्या काठावर त्यांचे साहेब दुर्बीण लावून. आणि आता गंमत ऐका. दोघंही म्हातारे नावेतून उतरेनात!

डॉक्टर म्हणतात, ‘या, या! आमच्या देशात तुमचं स्वागत आहे.’

मामंजी म्हणतात, ‘फ्वागत मी करणार! घर माझं!’

‘पाहुण्यानं आधी उतरायचं!’

‘मग उतर की, फाहुण्या!’

नावा हलतायत, ऊन डोक्यावर, बदकं बघतायत. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, ‘दोघंही पाहुणे! यजमान ती बदकं आहेत! उतरता की देऊ ढकलून?’ काकूंनी तर ढकललंच डॉक्टरांना. गुडघाभर पाण्यातून बिचारे वर आले, डोक्यावर औजारांची पेटी धरून. आणि समोर मामंजी. पहिल्यांदाच जवळून पाहिलं त्यांनी मामंजींना, इतक्या महिन्यांनी. गाल, मान, तो तीनदा आवळलेला कोट. डॉक्टरांच्या तोंडात आलेलं ‘आमचं’ तिथंच विरलं. म्हणाले, ‘अरे... वरचे कुठायत?’

मामंजींनी आपल्या काठाकडे बोट केलं, साहेबांकडे.

डॉक्टरांनी पेटी उघडली. वरच्या कवळीचा साचा त्यांनी जपून ठेवला होता. रागात होते, फोन आपटून बसले होते, ‘आधी कबूल कर’ म्हणत होते... आणि तरी वरची नवी करून आणली होती! खालच्याबरोबर! काकू म्हणाल्या, ‘विचारलं तर म्हणाले, वरची एक जादा असू दे, पेटीत जागा होती.’ बसवलं मामंजींना ओंडक्यावर. डॉक्टर कमरेला हात लावून समोर वाकले, तेही म्हातारेच झाले हो. ‘आ कर. चाव. टोचतंय? कुठं?’ कानशीनं घासायचं, फुंकर मारायची, परत घालायची. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालून माणूस फार वेळ शत्रू राहू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटी काकूंनी सफरचंद दिलं. मामंजींनी हातात घेतलं, फिरवलं, जरा घाबरले... आणि चावले. कर्र! असा आवाज, की बदकं उडाली! रस हनुवटीवरून ओघळतोय, डोळ्यांतून पाणी ओघळतंय, आणि इतक्या महिन्यांनी पहिला स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला. डॉक्टरांकडे बघून म्हणाले, ‘गाढवा!’

डॉक्टर म्हणाले, ‘सगळी अक्षरं नीट आली!’ आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

पुडकं मी काकूंना दिलं. त्यांनी पलीकडच्या काठाकडे हात केला. तिथं एका बाईनं पोर दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. आमच्या काठावर मास्तर. त्यांनी काही हात हलवला नाही. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मधून नुसतं पाणी वाहत होतं. रेघ कुठंय? मला रेघ दाखवा! त्या पाण्यावर मारून दाखवा ना, आहे हिंमत?

निघताना डॉक्टर म्हणाले, ‘हिरडी आकसत जाते, कवळी सैल होईल. मधून मधून घासून, नीट करून घ्यावी लागेल.’ म्हणजे परत बेट! परतलो तर घाटावर साहेब. ‘दात दाखवा. परदेशी?’ म्हटलं, ‘साहेब, दात बेटावर बसवले. बेट आपलं. म्हणजे दात देशी!’ साहेब बाजूला झाले.

वाटलं, सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी इकडच्या वर्तमानपत्रात, ‘वृद्ध नागरिकाचं बेटावर निर्भय पाऊल, देशाचा हक्क सिद्ध!’ आणि काकूंनी फोनवर त्यांचं वाचून दाखवलं, ‘आमच्या डॉक्टरांनी बेटावर दवाखाना चालवला, देशाचा हक्क सिद्ध!’ जळलं मेलं! एका बत्तीशीवर दोन देशांनी हक्क सिद्ध केला! पूल उघडला का? नाही. बेटावर दोन्हीकडच्या दोन चौक्या बसल्या, बदकं निघून गेली, आणि नाव सोडायची असेल तर आता साहेबांची खास सही लागते. आणि मामंजींचा सत्कार ठरला! मोठ्या सभागृहात! मंत्री येणार, पदक देणार!

मला वाटलं, मामंजी काही जायचे नाहीत. पण गेले. कोट मी पुन्हा सैल केला होता. मी पहिल्या रांगेत, शेजारी साहेब, माझ्याच हातची पँट घालून. मंत्र्यांचं भाषण झालं, ‘शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालून, आपल्या देशी दातांनी...’ अमुक आणि तमुक. पदक लावलं. मामंजी माइकसमोर आले. सभागृहाकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, त्यांनी शांतपणे वरची कवळी काढली, मग खालची काढली, दोन्ही टेबलावर ठेवल्या, छातीचं पदक काढून त्यांच्या शेजारी ठेवलं, आणि बोलायला लागले. बिनदातांचे! हात वर करून, मान थरथरत, लिलावाच्या त्या जुन्या आवाजात! सगळ्यांना काय ऐकू आलं? ‘फफ, फाफ, फोफ, फफाफ!’

पण मी इतके महिने तेच ऐकत होते ना घरात. मला अक्षर न् अक्षर कळत होतं. ते म्हणत होते, ‘हे दात माझ्या मित्रानं केलेत आणि तो त्या काठावर बसलाय. आणि माझे दात पळवणारा इथं पहिल्या रांगेत बसलाय. तुमचं बेट घाला चुलीत, आणि माझा मित्र मला परत द्या.’

संपलं. आणि मग टाळ्या! अहो, काय टाळ्या! लोक उभे राहिले, मंत्री उभे राहिले, मागून कुणीतरी घोषणा दिली, बँड वाजायला लागला. मामंजी आपले हात हलवून ‘नाही, नाही’ म्हणतायत, तर लोकांना वाटतंय अभिवादन करतायत!

साहेब माझ्याकडे वाकले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, ‘बाई, काय म्हणाले हो ते?’

आता सांगा, काय करू मी? इतके महिने जिभेवर आग घेऊन हिंडत होते. आत्ता ओकायची वेळ होती. ओठांपर्यंत आलं होतं हो! पण तिकडे टेबलावर कवळी, आणि परवाच मामंजी जेवताना म्हणाले होते, खालची जरा हलतेय...

म्हटलं, ‘म्हणाले, तसूभर सोडणार नाही.’

साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. ‘वा! काय माणूस!’

म्हटलं, ‘हो ना... साहेब, तेवढी नावेची सही?’